जॉनी कॅशचा पश्चात्ताप आणि डेलियाची गैरहजेरी

मरण सगळ्यांना सारखं करतं, हे पांढरपेशा समीक्षेचं फार आवडतं वाक्य आहे. एखादा म्हातारा कलावंत धापा टाकत गायला लागला की ही समीक्षा डोळे पुसते आणि म्हणते, बघा, इथे जात नाही, वर्ण नाही, देश नाही, फक्त माणूस आहे. मला हे मान्य नाही. मरण सगळ्यांना येतं एवढंच खरं. ते कसं येतं, मागे राहिलेल्यांना रडायला सुट्टी मिळते का, थडग्यावर दगड लागतो का, आणि मेल्यावर गाणं झालंच तर ते कोण गातो, या सगळ्यात वर्ण पुरेपूर शिल्लक असतो.

मी लिहितो आहे जॉनी कॅश या अमेरिकन गायकाच्या शेवटच्या दहा वर्षांबद्दल. १९९४, १९९६, २००० आणि २००२ साली त्याच्या चार तबकड्या आल्या. १२ सप्टेंबर २००३ ला तो ७१ व्या वर्षी मेला. मग मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणातून २००६ आणि २०१० साली आणखी दोन निघाल्या. या सहा तबकड्यांना मिळून 'अमेरिकन' मालिका म्हणतात. त्यात दोनच विषय पुन्हा पुन्हा येतात : केलेल्या पापाचा पस्तावा आणि जवळ आलेलं मरण.

मित्र विचारतात, गोऱ्या माणसाच्या पस्ताव्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्या पँथरनं १९७२ साली नाव घेतलं तेच अमेरिकेतल्या काळ्या पँथरवरून. अमेरिका खालून वाचायची सवय आपल्याला तेव्हापासून आहे. आणि पश्चात्ताप हा शब्द तर आपल्या डोक्यावर फार वापरला गेला आहे. तो पुढे येईलच.

आधी माणूस कोण ते पाहू. कॅशचा जन्म १९३२ सालचा, आर्कान्सा राज्यातला. मंदीचे दिवस. सरकारनं १९३४ मध्ये डाएस नावाची वसाहत वसवली आणि उद्ध्वस्त शेतकऱ्यांना तिथे जमीन दिली. १९३५ मध्ये कॅशच्या बापाला २० एकर, घर आणि खेचर मिळालं. पोरगा लहानपणापासून कापूस वेचत वाढला. हे सगळे सांगतात. डाएस वसाहत फक्त गोऱ्यांसाठी होती, हे मात्र कोणी सांगत नाही. त्याच आर्कान्सात काळी माणसं दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं कापूस पिकवत होती, तीही तेवढीच उद्ध्वस्त होती, पण त्या २० एकरांच्या यादीत त्यांचं नाव येऊच शकत नव्हतं. कॅशची गरिबी खरी होती. पण त्या गरिबीला बाहेर पडायला सरकारी दार होतं, आणि दारावर रंग तपासला जात होता.

मे १९४४ मध्ये त्याचा थोरला भाऊ जॅक मेला. वय १४. शाळेच्या कारखान्यात मजुरीवर कुंपणाचे खांब कापत होता, करवतीवर ओढला गेला. जॉनी तेव्हा १२ वर्षांचा होता. १९९७ च्या आत्मचरित्रात त्यानं लिहिलंय की भावाला पुरलं आणि दुसऱ्याच दिवशी घरची सगळी माणसं परत कापसाच्या रानात गेली. आई काम करता करता गुडघ्यांवर कोसळायची, पुन्हा उठायची. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं. मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. आमच्याकडे घरात माणूस गेला तर पोरगा तिसऱ्या दिवशी पाळीवर उभा असतो, डोळे लाल, हात मात्र धागे सांधत असतात. मुकादम पाठीवर थाप मारतो आणि पुढे जातो. मशीन थांबत नाही. कष्टकऱ्याचं दुःख पाळी बघून येतं, हे कॅशला ठाऊक होतं. त्याच्या आवाजात जो कोरडेपणा आहे, रडू गिळून पुढे जाणं आहे, ते मला वाटतं त्या रानातून आलं. स्टुडिओत ते शिकता येत नाही.

पुढची हकीगत थोडक्यात सांगतो. १९५५ साली मेम्फिसच्या सन कंपनीनं त्याची पहिली तबकडी काढली. नाव झालं, पैसा आला, त्याबरोबर गोळ्यांचं व्यसन आलं. १९६५ मध्ये त्याच्या गाडीमुळे कॅलिफोर्नियात सरकारी जंगलाला आग लागली, सरकारनं खटला भरला. त्याच वर्षी एल पासोला तो गोळ्यांसकट पकडला गेला. बायको चार मुलींना घेऊन एकटी घर चालवत होती. पुढे घटस्फोट झाला आणि १९६८ मध्ये त्यानं गायिका जून कार्टरशी लग्न केलं.

पण याच काळात त्यानं केलेली कामं विसरून चालणार नाही. १९६४ मध्ये त्यानं मूळच्या रहिवाशांवर, म्हणजे ज्यांना 'इंडियन' म्हणतात त्यांच्यावर, अख्खी तबकडी काढली. त्यात आयरा हेझचं गाणं होतं. इवो जिमाच्या लढाईत झेंडा उभारणारा हा पिमा जमातीचा सैनिक १९५५ साली दारूत, हलाखीत मेला. रेडिओवाले ते गाणं वाजवेनात, तेव्हा कॅशनं 'बिलबोर्ड' साप्ताहिकात पानभर जाहिरात देऊन त्यांचा भित्रेपणा चव्हाट्यावर मांडला. १९६८ मध्ये फॉल्सम आणि १९६९ मध्ये सॅन क्वेंटिन या तुरुंगांत कैद्यांपुढे गायला. १९७२ मध्ये वॉशिंग्टनला सिनेटच्या उपसमितीपुढे तुरुंग सुधारणेसाठी साक्ष दिली. हे ध्यानात ठेवा. माझा मुद्दा याच्यावरच उभा आहे.

१९८६ मध्ये कोलंबिया कंपनीनं त्याला काढून टाकलं. म्हातारा बैल बाजारात. मग १९९० नंतरच्या काळात रिक रुबिन नावाचा निर्माता भेटला. हा काळ्या पोरांच्या रॅपच्या तबकड्या काढून मोठा झालेला तरुण गोरा. त्यानं कॅशला बसवलं, हातात गिटार दिली आणि म्हणाला असेल, गा. बाकी वाद्यं काढून टाकली. उरला आवाज.

या आवाजाबद्दल मी कोणाशीही भांडायला तयार आहे. तो जसजसा आजारी पडत गेला, मधुमेह, मज्जातंतूंचा आजार, छाती, डोळे, तसतसा आवाज फाटत गेला. फाटलेलं त्यानं झाकलं नाही. २००२ च्या तबकडीत शब्दाच्या शेवटी श्वास संपतो तो ऐकू येतो. सूर हलतो, तसाच ठेवला आहे. आपल्या मैफिलींत म्हाताऱ्या गवयाचा गळा गेला की शिष्य मागून सूर धरतो आणि लोक म्हणतात, काय साधना! इथे तसं काही नाही. शरीर निकामी होतंय, हे शरीरच सांगतंय. ज्यानं कापसाची धूळ छातीत घेतली आहे त्याला असा अडकणारा श्वास ओळखीचा आहे. आमच्या खात्यातले निवृत्त झालेले बापे जिना चढताना असाच मध्ये थांबतात आणि कोणी बघू नये म्हणून बिडी शोधल्यासारखं करतात.

'हर्ट' हे गाणं मूळचं ट्रेंट रेझ्नर या पोराचं, १९९४ सालचं. व्यसनातल्या तरुणाचा स्वतःवरचा संताप. तेच शब्द ७० वर्षांच्या तोंडी आले आणि अर्थ पालटला. तरुण म्हणतो तेव्हा ती धमकी असते, म्हातारा म्हणतो तेव्हा तो जमाखर्च. मार्क रोमानेकनं त्याची चित्रफीत केली. कॅशचं स्वतःचं बंद पडलेलं, पडझड झालेलं संग्रहालय, जेवणानं भरलेलं टेबल, थरथरत्या हातानं सांडलेली दारू. मागे जिन्यावर जून उभी राहून त्याच्याकडे बघते आहे. चित्रफीत २००३ मध्ये दाखवली गेली आणि त्याच वर्षी १५ मे ला आधी जूनच गेली, चार महिन्यांनी तो. त्या चार महिन्यांत तो खुर्चीत बसून गातच होता. कामगारासारखा. थांबलो तर संपलो, हे त्याला कळत होतं.

त्यानं लिहिलेलं शेवटचं गाणं 'लाइक द ३०९'. त्यात तो स्वतःची शवपेटी आगगाडीत चढवायला सांगतो आणि स्वतःच्या दम्याची चेष्टा करतो. मरणासमोर हात जोडत नाही, हमालाशी बोलावं तसं बोलतो. हे मला फार मोठं वाटतं. १९५५ चं त्याचं पहिलं गाणंही आगगाडीचंच होतं, दक्षिणेकडे घरी परतायला आतुर झालेल्या माणसाचं. पण गड्यांनो, त्याच दक्षिणेतून १९१० ते १९७० च्या दरम्यान सुमारे ६० लाख काळी माणसं बाहेर पडली, पुष्कळशी आगगाडीनंच. एकाला जिथे परतायची घाई, दुसऱ्याला तिथून जीव घेऊन निसटायची घाई. कॅशच्या गाडीच्या खिडकीतून ती उलट्या दिशेची गाडी दिसत नाही.

इथून पस्ताव्याकडे येतो.

१९९४ च्या तबकडीचं पहिलंच गाणं आहे 'डेलियाज गॉन'. गाणारा सांगतो की त्यानं डेलियाला मारलं आणि आता तुरुंगात तिच्या पावलांचा आवाज त्याला झोपू देत नाही. समीक्षक खूश. केवढं धाडस, म्हणे, खुन्याच्या मनात शिरला! पण डेलिया होती कोण? डेलिया ग्रीन. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावची १४ वर्षांची काळी पोर. १९०० च्या नाताळच्या आदल्या रात्री मोझेस ह्यूस्टन नावाच्या जवळजवळ तिच्याच वयाच्या पोरानं तिला गोळी घातली, नाताळच्या दिवशी ती मेली. तो १९१३ मध्ये पॅरोलवर सुटला. तिच्या थडग्यावर कित्येक दशकं नावाचा दगडही नव्हता. गाणी मात्र पिढ्यानपिढ्या झाली, काळ्यांनी गायली, गोऱ्यांनी गायली. कॅशनं १९६२ मध्ये एकदा गायलं होतं, १९९४ मध्ये नव्यानं लिहून गायलं. त्याच्या गाण्यात तिचं वय नाही, रंग नाही. ती वाईट चालीची बाई आहे, एवढीच तिची ओळख. आणि चित्रफितीत डेलिया म्हणून कोण आहे? केट मॉस. गोरी, जगप्रसिद्ध मॉडेल.

मी हे तीनदा पाहिलं. मारली गेली काळी पोर. पस्तावा झाला गोऱ्या गायकाला. आणि पडद्यावर प्रेत म्हणून दाखवायलाही काळी पोर चालली नाही. ज्या पावलांचा आवाज तो ऐकतो, ती पावलं कोणाची हे त्यानं विचारलेलं नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या आयुष्यातली. पहिली बायको व्हिव्हियन. एल पासोच्या खटल्याच्या वेळी दोघांचा फोटो पेपरात आला. त्यात ती सावळी दिसली. गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या पत्रानं बोंब ठोकली की कॅशची बायको काळी आहे. दक्षिणेत त्याच्यावर बहिष्काराची भाषा सुरू झाली. कॅशच्या बाजूनं काय उत्तर गेलं? ती काळी नाही, तिचं कूळ इटालियन वगैरे आहे, याचे पुरावे गेले. असेल काळी, तुमच्या बापाचं काय जातं, हे उत्तर गेलं नाही. त्या माणसांच्या बंदुका पाहता भीती मला समजते. पण आपल्याकडे आडनाव बदलून खोली भाड्यानं घेणाऱ्याला जे कळतं ते इथेही कळतं : पुरावा देणं म्हणजे समोरच्याचा कायदा कबूल करणं. २०२१ मध्ये त्यांची थोरली मुलगी रोझॅन एका टीव्ही कार्यक्रमात गेली, तिथे कागदपत्रं निघाली. व्हिव्हियनची खापरपणजी सारा शील्ड्स ही गुलामीत जन्मलेली काळी बाई होती. म्हणजे कॅशच्या चार मुलींच्या अंगात तेच रक्त होतं, जे नाही म्हणून शपथेवर सांगितलं जात होतं. कॅश तेव्हा मरून १७ वर्षं उलटली होती. त्याच्या पस्ताव्याच्या यादीत हे कलमच नव्हतं.

आता मला म्हणायचंय ते असं. कॅशचा पस्तावा खोटा नाही. पण तो दोघांच्याच दरबारात उभा राहतो. एक देव, दुसरी प्रिय बायको. 'द मॅन कम्स अराउंड' मध्ये बायबलातला न्यायाचा दिवस आहे, वही घेऊन येणारा न्यायाधीश आहे. 'हर्ट' मध्ये त्यानं मूळचा एक शिवराळ शब्द काढून तिथे काटे घातले, म्हणजे येशूच्या डोक्यावरचा मुकुट आणला. चित्रफितीत येशूला खिळे ठोकतानाची दृश्यंही आहेत, त्याच्याच १९७३ च्या सिनेमातली. बघा कसं होतं ते. सुरुवात होते गुन्हेगार म्हणून, आणि शेवटी मुकुट येतो बळी गेलेल्याचा. पस्तावा करता करता करणारा हुतात्मा होतो, आणि ज्याच्यावर वार झाला तो खोलीतून नाहीसा होतो.

हे आपण कुठे पाहिलंय? १९३२ साली हरिजन सेवक संघ निघाला. मंडळात आम्हाला जागा द्या, असं अस्पृश्य मागायला गेले, तेव्हा गांधींचं उत्तर काय होतं ते बाबासाहेबांनी १९४५ च्या त्यांच्या ग्रंथात नोंदवून ठेवलंय : हे काम सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, पैसा त्यांचा आहे, तेव्हा मंडळ त्यांनीच चालवायचं. प्रायश्चित्त आमच्या नावानं, खुर्ची मात्र आम्हाला नाही. कॅशच्या तबकडीत डेलिया अशीच बाहेर उभी आहे.

मग खरा पस्तावा कसा असतो? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये अंगुलिमालाची दीक्षा आहे. पाली सुत्तात त्याची पुढची हकीगत येते. भिक्खू झालेला अंगुलिमाल पात्र घेऊन त्याच लोकांत भिक्षेला जातो. दगड बसतात, डोकं फुटतं, पात्र फुटतं, चीवर फाटतं. रक्तबंबाळ होऊन परत येतो तेव्हा बुद्ध त्याला सांगतो, सोस. तुझ्या कर्माचं फळ आहे. बुद्धानं क्षमा वाटली नाही, लोकांना शांत करायला गेला नाही. दगड मारण्याचा हक्क त्या गावाकडे राहिला. आपल्याकडे वर बसून वही तपासणारा कोणी नाही. म्हणून हिशेब द्यायचा तर माणसाला, आणि त्याच माणसाला, ज्याचं देणं लागतो.

यावर उत्तर येईल की गायकानं काय सगळ्या समाजाचा जमाखर्च गाण्यात मांडायचा का? मरणाच्या दारात माणसानं स्वतःपुरतं बोलू नये? बोलावं की. पण हा प्रश्न मी कॅशलाच विचारतो. १९६४ चा कॅश आयरा हेझसाठी अख्ख्या रेडिओशी भांडला. १९६८ चा कॅश कैद्यांपुढे गायला तेव्हा त्या तबकडीत कैद्यांचा ओरडा ऐकू येतो. ज्यांच्याबद्दल गाणं, ते तिथे हजर आहेत, टाळ्या देतात, हसतात, शिव्या घालतात. १९७२ चा कॅश साक्ष द्यायला गेला. शेवटच्या दहा वर्षांत खोलीत कोणीच नाही. तो, गिटार, देव. जग म्हणतं ही त्याची सर्वांत खोल कला. आवाज खोल गेला हे खरं. खोली मात्र रिकामी झाली.

एक गाणं अपवादासारखं वाटतं, २००६ च्या तबकडीतलं 'गॉड्स गॉना कट यू डाउन'. हे काळ्यांच्या भजनपरंपरेतलं जुनं गाणं. गोल्डन गेट क्वार्टेट या काळ्या गायकांनी ते १९४६ मध्ये गायलं होतं. कितीही पळ, गाठला जाशील, असा त्याचा भाव. कॅशच्या ध्वनिमुद्रणात नुसता पावलांचा आणि टाळ्यांचा ठेका आहे. तो ऐकताना प्रत्येक वेळी मला वाटतं, ही डेलियाची पावलं आहेत. या वेळी ती खुन्याच्या डोक्यात नाहीत, रस्त्यावर आहेत, आणि पुष्कळ आहेत. कॅशला तसं म्हणायचं होतं का, मला फरक पडत नाही. गाणं ज्यांचं होतं त्यांचा राग त्यात उरला आहे.

तेव्हा मित्रांनो, कॅश ऐका. मोबाइलवर सगळं मिळतं, इंग्रजी अडलं तर माझ्यासारखी डिक्शनरी घेऊन बसा. त्याच्याकडून मरणाबद्दल शिका, फाटलेला आवाज न लाजता पुढे ठेवायला शिका. कविता म्हणताना गळा चांगला नाही म्हणून मागे बसणाऱ्या आपल्या पोरांनी तर ऐकाच. पण कोणी म्हातारा पस्तावा गाऊ लागला, मग तो गोरा असो, सवर्ण असो, की आपल्याच चळवळीत म्हातारा होऊन आता जुन्या फुटींबद्दल गहिवरून बोलणारा पुढारी असो, रडण्याआधी आजूबाजूला बघा. ज्याचं देणं आहे तो माणूस सभेत आहे का? त्याला बोलायला माइक दिलाय का? नसेल तर टाळ्या राखून ठेवा.

आणि डेलियाच्या बाजूचं गाणं लिहायला घ्या. १४ वर्षांची, नाताळच्या रात्री मेलेली. आपल्या गावातही तिची नावं आहेत, आणि त्यांच्यावर अजून कोणी गाणं केलेलं नाही.

जय भीम.